दोन वर्षे आणि दहा वर्षे

आमच्या वर्गातील निम्म्या मुलांकडे लामिन यमालच्या नावाचा टी-शर्ट आहे. आठवडी बाजारात दोनशे-अडीचशे रुपयांत मिळतो, तोच. फुटबॉल आम्हाला कळत नाही. मुलांनीच शिकवले: यमाल स्पेनकडून खेळतो, सतरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १४ जुलै २०२४ रोजी, त्याने युरोपचा चषक उचलला, रमजानमध्ये रोजे ठेवतो आणि गोल केला की बोटांनी ३०४ हा आकडा करून दाखवतो. तो आकडा म्हणजे बार्सिलोनाजवळच्या मातारो शहरातील रोकाफोंदा या कामगार वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन अंक. यमाल तिथेच वाढला.

एका मुलाने विचारले, "सर, हा मुसलमान स्पेनमध्ये कसा? तुम्हीच म्हणाला होतात ना, तिथून सगळ्यांना हाकलून दिलं?"

प्रश्न रास्त होता. दोष आमचा. आम्ही अंदलुस शिकवतो ते अबू अब्दुल्लाह अल्हमराच्या किल्ल्या देतो तिथपर्यंत, आणि मग पुस्तक मिटतो. आमच्या घरांतही हेच चालते. इक्बालसाहेब १९३३ साली कुर्तुब्याच्या मशिदीत गेले होते एवढे उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या मशिदीपासून चार तासांच्या अंतरावर आज मराकशचा एखादा तरुण प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडतो आहे, हे कोणी सांगत नाही. यमालचे वडील मोरोक्कोचे (उर्दूत ज्याला आपण मराकश म्हणतो), आई आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीची. उत्तर मोरोक्को आणि गिनी या दोन्ही ठिकाणी एकेकाळी स्पेनचा झेंडा होता. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर १४९२ मध्ये संपत नाही, तिथून सुरू होते.

२ जानेवारी १४९२ रोजी गरनाता पडले. त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांत कोलंबस नावाचा एक खलाशी होता, राणी इसाबेलाकडे जहाजांसाठी खेटे घालणारा. शहराला वेढा देताना फौजेने सान्ता फे नावाची छावणी वसवली होती. त्याच छावणीत १७ एप्रिलला राजा-राणीने कोलंबसशी करार केला. मधल्या काळात, ३१ मार्चला, यहुद्यांनी ख्रिस्ती व्हावे नाही तर देश सोडावा असा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबस निघाला आणि १२ ऑक्टोबरला पलीकडच्या बेटावर उतरला. हे सर्व एकाच वर्षातले. पाठ्यपुस्तकात गरनाता एका धड्यात, यहुदी एका ओळीत आणि कोलंबस तिसऱ्याच धड्यात असतो, म्हणून मुलांना ते एकाच घरातले भाऊ वाटत नाहीत. कोलंबसने सोबत दुभाषी नेला होता, लुईस द तोर्रेस. तो नुकताच ख्रिस्ती झालेला यहुदी होता आणि त्याला थोडी अरबी येत होती. हिंदुस्थानात पोहोचल्यावर अरबी उपयोगी पडेल असा हिशेब!

गरनात्याच्या तहात मुसलमानांना मशिदी, काझी, पोशाख, सारे राखण्याचे वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला, सक्तीने बाप्तिस्मे झाले, अरबी पुस्तकांची होळी झाली. १५०२ मध्ये कास्तिल राज्यात हुकूम निघाला की धर्म बदला किंवा चालते व्हा. धर्म बदललेल्या या लोकांना मोरिस्को म्हणत. १५०४ मध्ये वहरानच्या (आजचे ओरान) एका मुफ्तींनी त्यांच्यासाठी फतवा दिला: नमाज इशाऱ्याने पढा, दिवसा जमत नसेल तर रात्री पढा, दिलात ईमान ठेवा. हा फतवा हातोहात लपवून फिरत असे. पुढे १५६७ मध्ये अरबी बोलणे, अरबी कपडे, हमाम, सगळ्यांवर बंदी आली. डोंगरातल्या लोकांनी बंड केले, ते चिरडले गेले. अखेर १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत सुमारे ३ लाख मोरिस्कोंना जहाजांत बसवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडले. तोवर ते शंभर वर्षे कागदोपत्री ख्रिस्तीच होते. त्यांतले कित्येक तेतुआन, सले, अल्जिअर्स, ट्युनिस या शहरांत वसले. तेतुआनच्या काही घराण्यांची आडनावे आजही स्पॅनिश आहेत. विसाव्या शतकात तिथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची चळवळ चालवणाऱ्या पुढाऱ्याचे नाव होते अब्देलखालिक तोर्रेस.

आता समुद्रापलीकडे पाहू. नव्या मुलखात मुसलमान, यहुदी किंवा नव्याने ख्रिस्ती झालेले कोणी जाऊ नये, अशी ताकीद १५०१ मध्येच गव्हर्नर ओवांदोला दिलेली होती. तरी लोक गेलेच. कोणी चोरून, कोणी साखळदंडात. मोरोक्कोतील अझेम्मूर गावचा एक गुलाम, स्पॅनिशांनी ज्याला एस्तेवानिको नाव दिले, तो १५२८ मध्ये फ्लोरिडाला उतरलेल्या मोहिमेत होता. मोहीम बुडाली आणि सुमारे तीनशे माणसांतून चौघे वाचले. हे चौघे आठ वर्षे पायी भटकत १५३६ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. वाटेत स्थानिक लोकांशी बोलणी करायला पुढे असे तो हा अझेम्मूरचा गडी. बाकीचे तिघे साहेब मानले गेले, हा मात्र गुलामच राहिला. १५३९ मध्ये त्याला पुन्हा वाटाड्या म्हणून पाठवले आणि तो मारला गेला.

मेक्सिको आणि पेरूत जे झाले ते मुसलमानांच्या दुःखापेक्षा लहान नव्हते, फार मोठे होते. देवीच्या साथीने, खाणींतल्या वेठबिगारीने आणि तलवारीने गावेच्या गावे ओस पडली. अंदलुससाठी रडताना आमच्या डोळ्यांत या लोकांसाठी पाणी आलेले आम्हाला आठवत नाही. त्यांच्या शेतातला मका, मिरची, टोमॅटो आणि बटाटा मात्र आम्ही रोज खातो. पेरू नावाचे फळ मुलांना ठाऊक असते. त्या नावाचा देश नकाशावर दाखवला की वर्ग हसतो.

पूर्वेकडे गोष्ट आणखी विचित्र झाली. १५६५ नंतर स्पॅनिशांनी ज्या बेटांचा ताबा घेतला त्यांना राजा फिलिपचे नाव मिळाले. तेथील मायनिला बंदरावर राजा सुलेमान नावाच्या मुसलमान राजाची सत्ता होती. १५७१ मध्ये ते पडले, तेच आजचे मनिला. दक्षिणेकडील मिंदानाओ आणि सुलूचे मुसलमान मात्र तीनशे वर्षे लढत राहिले. अर्ध्या जगाचा वळसा घालून आलेल्या स्पॅनिशांना तिथे नमाज पढणारी माणसे दिसली, तेव्हा त्यांनी घरचाच शब्द त्यांना लावला: मोरो. गरनात्याच्या मुसलमानाला शिवीसारखा वापरलेला हा शब्द त्या लोकांनी पुढे अभिमानाने स्वीकारला. २०१९ पासून फिलिपाइन्समध्ये त्यांचा स्वायत्त प्रदेश आहे, त्याचे नावच बांगसामोरो. (फिलिपच्याच अमलात १५८० मध्ये पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजाकडे आली आणि साठ वर्षे तशीच राहिली. म्हणजे गोवा, चौल आणि वसईवर तेवढा काळ एकाच धन्याची सत्ता होती. कारभार पोर्तुगीजांचा, मुकुट स्पेनचा.)

स्पेनचे अमेरिकेतील राज्य एकोणिसाव्या शतकात गेले. क्युबा, पोर्टो रिको आणि फिलिपाइन्स उरले होते, तेही १८९८ मध्ये अमेरिकेने घेतले. मग उरली आफ्रिका. १९१२ मध्ये उत्तर मोरोक्को स्पेनच्या ताब्यात आला, तेतुआन राजधानी झाली. मोरिस्कोंच्या नातवंडांच्या दारात पुन्हा तीच फौज! १९२१ मध्ये रीफच्या डोंगरात अब्दुल करीम खत्ताबींनी अन्वालला स्पॅनिश फौजेची दाणादाण उडवली; उत्तरादाखल स्पेनने गावांवर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. आणि पंधरा वर्षांनी त्याच डोंगरातली पोरे हजारोंच्या संख्येने पगारासाठी जनरल फ्रँकोच्या सैन्यात भरती होऊन स्पेनमध्ये स्पॅनिशांनाच मारायला गेली. भूक काय काय करायला लावते!

एवढी वाट चालल्यावर आम्ही त्या मुलाच्या प्रश्नाशी येतो. स्पेनच्या नागरी कायद्याचे बावीसावे कलम सांगते की परदेशी माणसाला नागरिकत्व हवे असेल तर दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य पाहिजे. निर्वासिताला पाच वर्षे. मात्र स्पॅनिश-पोर्तुगीज भाषिक अमेरिकेतील देश, अँडोरा, फिलिपाइन्स, इक्वेटोरियल गिनी आणि पोर्तुगाल यांच्या नागरिकांना दोनच वर्षे पुरतात. स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांच्या, म्हणजे सेफार्दींच्या वंशजांनाही दोनच. शिवाय या सर्वांना आपले मूळ नागरिकत्व सोडून देण्याची अट नाही. मोरोक्कोच्या माणसाला दहा वर्षे, आणि शपथ घेताना जुने नागरिकत्व सोडल्याचे जाहीर करावे लागते.

यमालचे घर डोळ्यांसमोर आणा. कायद्याच्या या कलमाने आईच्या देशाला दोन वर्षे आणि वडिलांच्या देशाला दहा. एकाच छताखाली, एकाच ताटात जेवणारी माणसे. मिंदानाओचा मोरो दोन वर्षांत स्पॅनिश होऊ शकतो. तेतुआनच्या माणसाला, मग त्याचे आडनाव तोर्रेस का असेना, दहा वर्षे थांबावे लागते.

कायद्याची बाजूही सांगायला हवी, नाही तर आम्ही मास्तर कसले. अमेरिकेतल्या देशांशी स्पेनचे नाते फक्त जेता-जिताचे नाही. १८८० ते १९३० या काळात लाखो गरीब स्पॅनिश पोट भरायला अर्जेंटिना आणि क्युबाला गेले. अर्जेंटिनात तर स्पेनहून आलेल्या कोणालाही 'गाय्येगो', म्हणजे गॅलिसिया प्रांताचा, म्हणतात. इतकी माणसे त्या एका प्रांतातून गेली. यादवी युद्धात हरलेल्या सुमारे २० हजार स्पॅनिशांना मेक्सिकोने आसरा दिला. भाषा एक, धर्म एक, आडनावे एक. त्या उपकाराची जाण स्पेनने ठेवली, तर वाईट काय? आणि तरीही, इक्वेडोरचे अर्थकारण १९९९ मध्ये कोसळले आणि लाखो माणसे माद्रिदच्या घरांतली म्हातारी माणसे सांभाळायला, बांधकामावर विटा उचलायला आली, तेव्हा चारच वर्षांत त्यांच्यावरही व्हिसा आला. कोलंबियावर त्याच्याही आधी. त्या वेळी गार्सिया मार्केझसह काही कोलंबियन लेखक-कलावंतांनी स्पेनच्या पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले की व्हिसा मागणार असाल तर आम्ही स्पेनला येणार नाही. मोरोक्कोच्या लोकांवर व्हिसा १९९१ मध्येच आला होता. त्यासाठी नोबेल विजेत्यांची पत्रे निघाल्याचे आम्ही वाचलेले नाही.

त्या व्हिसाच्या आधीपासूनच होड्या निघत होत्या. जबल तारिकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर आहे, निरभ्र दिवशी पलीकडची घरे दिसतात. १ नोव्हेंबर १९८८ रोजी तारीफाच्या किनाऱ्यावर एक लाकडी होडी उलटली आणि मोरोक्कोच्या तरुणांचे मृतदेह वाळूवर आले. या वाटेवरचे ते पहिले नोंदलेले बळी मानतात. पुढचे मोजणे कठीण झाले. तारीफा हे नाव ७१० मध्ये तिथे उतरलेल्या तरीफ या सरदाराचे आहे. १३०० वर्षांपूर्वी घोडे घेऊन उतरलेल्याचे नाव गावाला, आणि आता उतरणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कबरीवर नावच नाही.

जे तरले ते अल्मेरियाच्या प्लास्टिकच्या शेतांत आणि वेल्वाच्या स्ट्रॉबेरीत राबतात. फेब्रुवारी २००० मध्ये अल्मेरियाजवळच्या एल एहिदो गावात एका मोरोक्कनाने स्थानिक तरुणीचा खून केला. गुन्हा भयंकरच. पण त्यानंतर जमावाने कित्येक दिवस मोरोक्कन मजुरांची घरे, दुकाने, मशीद, काही सोडले नाही. एकाने केलेले साऱ्यांनी भोगायचे, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

दुसरीकडे त्याच स्पेनने १९९२ मध्ये मुसलमानांच्या प्रतिनिधींशी करार करून कायदा केला: निकाहाला मान्यता, शाळेत इस्लाम शिकण्याचा हक्क, सणांच्या सुट्टीची तरतूद. २००५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक बिनकागदी कामगारांना एका फटक्यात कागद दिले. आणि २०२५ मध्ये मूर्सिया प्रांतातील हुमिया गावच्या नगरपालिकेने, जिथे मुसलमान ईदला जमत त्या क्रीडासंकुलात धार्मिक कार्यक्रम होऊ नयेत असा ठराव केला. केंद्र सरकारनेच त्याला हरकत घेतली. स्पेन म्हणजे एकच तोंड नव्हे, एवढे समजले तरी पुरे.

आम्हाला जास्त खुपते ते २०१५ चे. त्या वर्षी स्पेनने खास कायदा करून सेफार्दी यहुद्यांच्या वंशजांना, स्पेनमध्ये न राहताही, नागरिकत्व देऊ केले. झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून. चांगले केले. १४९२ मध्ये त्या यहुद्यांना उस्मानी सुलतान बायजीदने आपल्या मुलखात घेतले होते, त्यामुळे त्यांच्या सुखाने आम्हाला दुःख होण्याचे कारण नाही. पण मोरिस्कोंच्या वंशजांनीही तीच मागणी केली, त्यांना तो कायदा मिळाला नाही. दोघांना हाकलले ते एकाच राज्याने.

पुढची गोष्ट आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. मोरोक्कोच्या दक्षिणेला पश्चिम सहारा आहे. १९५८ पासून स्पेन त्याला आपला प्रांत म्हणत होता, सहरावी लोकांना स्पॅनिश ओळखपत्रे दिली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये, फ्रँको मरणपंथाला असताना, मोरोक्कोच्या राजाने साडेतीन लाख लोकांचा मोर्चा सरहद्दीवर नेला आणि स्पेनने मुलूख मोरोक्को व मॉरिटानियाच्या हवाली केला. सहरावी कलमा पढणारे, मोरोक्कन कलमा पढणारे. तरीही हजारो सहरावी पळून अल्जीरियातल्या तिंदूफच्या वाळवंटात गेले. त्यांची नातवंडे अजून तिथल्या छावण्यांत आहेत. २०२० मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वसाहतीच्या काळात सहारात जन्मणे म्हणजे स्पेनमध्ये जन्मणे नव्हे. तेव्हा प्रांत म्हटले, आता वसाहत म्हणतात. आणि दोन वर्षांच्या यादीत गिनी आहे, सहारा नाही.

शेजारच्या पोर्तुगालचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्याला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आजही आपले नागरिक म्हणून नोंदवून घेते. तिथे हिंदू की मुसलमान की ख्रिस्ती, असे कोणी विचारत नाही. लिस्बनच्या नोंदवहीत जन्मदाखला लागतो, इतकेच. म्हणजे वसाहतवाल्यांनाही दुसरी रीत माहीत नव्हती असे नाही.

हे सारे वर्गात दोन तासिकांत सांगितले. फळ्यावर एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला १० लिहून देशांची नावे मांडली. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने स्पेनला हरवले तो शेवटचा पेनल्टी किक मारणारा अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मलेला, आई घरकाम करणारी, वडील फेरीवाले, हे मुलांनीच सांगितले. एक स्पेनकडून खेळतो, एक मोरोक्कोकडून, आणि मुलांना दोघेही आवडतात.

मग शेवटच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने हात वर केला. त्याचे वडील कुवेतला ड्रायव्हर आहेत.

"सर, माझे अब्बा बावीस वर्षं तिथं आहेत. त्यांना दोन का दहा?"

आमच्या कोकणातल्या कित्येक घरांचा हाच प्रश्न आहे. आम्ही फळ्याकडे पाहिले. दोन्ही बाजूंना त्याच्या वडिलांसाठी जागा नव्हती. खरे तेच सांगितले: तिथे आपल्या माणसाला वर्षे मोजून नागरिकत्व मिळत नाही. बावीस काय, चाळीस वर्षांनीही नोकरी संपली की परत यावे लागते.

"म्हणजे येतील," तो म्हणाला आणि खाली बसला.

मोरिस्को स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहीत. त्या लिखाणाविषयी, आणि स्पॅनिश माणूस आजही बोलता बोलता 'ओखाला' म्हणतो त्यात अल्लाहचे नाव कसे दडले आहे त्याविषयी, पुढच्या अंकात लिहू, इन्शाअल्लाह.